मुलगी जेवत नाही, तेव्हा उपचार घरच्या ताटापासून का सुरू होतो?

लेण्याद्रीच्या गणपतीचं नाव गिरिजात्मज, म्हणजे गिरिजेचा, पार्वतीचा मुलगा. मूल व्हावं म्हणून पार्वतीनं इथल्या डोंगरात तप केलं, अशी कथा सांगतात. संकष्टीला आणि अंगारकीला इथल्या पायऱ्या चढणाऱ्यांत शाळकरी पोरीही असतात आणि त्यातल्या अनेकींचा उपास असतो. त्यात वावगं काही नाही. रात्री चंद्र दिसतो, नैवेद्य होतो, उपास सुटतो, पोरगी पोटभर जेवते.

अडचण सुरू होते ती उपास सुटेनासा झाला की.

समजा, जुन्नर तालुक्यातल्या एखाद्या गावातली नववीतली मुलगी आहे. आधी फक्त संकष्टी होती. मग मंगळवार आला, मग गुरुवार, मग शनिवार. भात बंद झाला, कारण 'पोट सुटतं'. घरात मासवडीचा बेत असला की नेमकं त्याच दिवशी पोट दुखतं. डबा रिकामा परत येतो, पण तो कुणी खाल्ला हे कळत नाही. मैत्रिणी आणि मावश्या म्हणतात, "काय छान बारीक झालीस गं!" चार महिन्यांत नऊ किलो वजन जातं, पाळी थांबते. गावातले डॉक्टर 'वीकनेस' म्हणून सलाईन लावतात, रक्तवाढीच्या गोळ्या देतात. पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ होतात, सोनोग्राफी होते. मध्येच कुणीतरी 'बाहेरचं' बघून घ्यायला सांगतं. आणि घरात रोज दोन वेळा जेवणावरून रडारड.

ही मुलगी काल्पनिक आहे. हा क्रम मात्र कुठल्याही मानसोपचारतज्ज्ञाला ओळखीचा वाटेल.

मार्च २०२५ मध्ये केरळच्या कन्नूर जिल्ह्यातल्या १८ वर्षांच्या एका मुलीचा मृत्यू झाला, तेव्हा ही गोष्ट देशभर बातमीत आली. ऑनलाइन व्हिडिओ बघून ती वजन कमी करत होती, जवळजवळ पाण्यावरच राहत होती, घरच्यांनी दिलेलं अन्न लपवत होती, असं तेव्हाच्या बातम्यांत होतं. तिला अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा असावा, असं उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं म्हणणं होतं. दोन दिवस सोशल मीडियावर 'आजकालच्या पोरींना डाएटचं वेड' अशी चर्चा झाली आणि विषय संपला. या आजारावर उपचार आहे का, असेल तर तो काय, हे त्या चर्चेत फारसं कुणी विचारलंच नाही.

उपचार आहे. आणि किशोरवयीन मुलांसाठी त्यातला सगळ्यात चांगला तपासला गेलेला उपचार गोळ्यांचा नाही. त्याचं नाव फॅमिली बेस्ड थेरपी, एफबीटी. कुटुंबाच्या हातून होणारा उपचार.

हे वेड नाही, आजार आहे

अ‍ॅनोरेक्सियात माणूस खाणं इतकं कमी करतो की वजन धोक्याच्या पातळीला येतं, आणि तरी वजन वाढण्याची भीती जात नाही. बुलिमियात भरमसाट खाणं होतं आणि मग ते 'फेडायला' उलट्या काढणं, जुलाबाच्या गोळ्या घेणं, उपाशी राहणं. २०११ साली आधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित हिशेब मांडला गेला. त्यात अ‍ॅनोरेक्सियाच्या रुग्णांतलं मृत्यूचं प्रमाण त्याच वयाच्या इतरांच्या सुमारे सहापट निघालं. त्यातला साधारण दर पाचवा मृत्यू आत्महत्येमुळे होता. मानसिक आजारांत इतका जीवघेणा आजार क्वचितच सापडेल.

आपल्याकडे तो ओळखायला आणखी अवघड जातो. पुस्तकातली मुलगी म्हणते, "मी जाडी आहे." आपल्याकडची मुलगी बरेचदा म्हणते, "भूकच नाही", "पोट जड होतं", "खाल्लं की मळमळतं". दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी १९९५ मध्ये अशा पाच तरुणींबद्दल लिहिलं होतं. खाणं नाकारणं, उलट्या, खूप घटलेलं वजन, थांबलेली पाळी हे सगळं होतं, पण आपलं शरीर जाड आहे ही ठरावीक तक्रार नव्हती. हाँगकाँगमध्येही त्याच सुमारास असेच रुग्ण नोंदले गेले. म्हणजे मुलगी जाडीबद्दल चकार शब्द काढत नाही, म्हणून हा आजार नाही, असं धरून चालता येत नाही. 'हे शहरातल्या श्रीमंतांचं' हा समजही तपासून बघायला हवा. बंगळुरूच्या मानसोपचारतज्ज्ञांना विचारलं गेलं, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश जणांनी खाण्याच्या विकाराचा किमान एक रुग्ण पाहिल्याचं सांगितलं होतं. तो अभ्यास २०१२ चा, म्हणजे रील्सच्या आधीचा.

मुलग्यांनाही हे होतं. पोलीस भरतीसाठी पहाटे पळणारा, जिमला जाणारा, वजनी गटासाठी पाणी तोडणारा मुलगा कमी खायला लागला तर त्याचं कौतुकच होतं. त्याचा आजार मुलीपेक्षाही उशिरा लक्षात येतो.

आईबापांना आधी आरोपी का केलं गेलं?

या आजाराला अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव दिलं लंडनच्या विल्यम गल या डॉक्टरनं, १८७०च्या दशकात. रुग्णाला ठरावीक वेळानं खायला घाला, हे त्याला बरोबर कळलं होतं. पण त्याच दमात त्यानं लिहून ठेवलं की ही काळजी घ्यायला नातेवाईक आणि मित्र सगळ्यात नालायक. पुढची शंभर वर्षं डॉक्टर मुलीला घरापासून तोडत राहिले. १९७८ मध्ये साल्व्हादोर मिनुचिन आणि सहकाऱ्यांनी अशा घरांचा एक ठरावीक साचाच मांडला: एकमेकांत अतिगुंतलेलं, अतिकाळजी करणारं, भांडण टाळणारं घर. मिनुचिन स्वतः कुटुंबाला सोबत घेऊनच उपचार करायचे. पण लोकांच्या डोक्यात उरलं ते एवढंच, की दोष घराचा.

खाण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं, अ‍ॅकॅडमी फॉर ईटिंग डिसऑर्डर्सनं, २०१० मध्ये अधिकृत भूमिका घेऊन सांगितलं की कुटुंब हे या आजाराचं एकमेव किंवा मुख्य कारण मानायला पुरावा नाही. अनुवंशिकता, स्वभाव, वाढीचं वय, डाएटची सुरुवात, आजूबाजूची संस्कृती असं बरंच काही एकत्र येतं. आपल्याकडे हे ठासून सांगायला हवं, कारण दोष वाटायची आपली पद्धत ठरलेली आहे. पोरगी जेवत नाही म्हटलं की पहिला प्रश्न आईला येतो. बापाला कुणी विचारत नाही.

लंडनच्या मॉड्स्ली हॉस्पिटलमध्ये ख्रिस्तोफर डेअर, इव्हान आयस्लर, जेराल्ड रसेल या मंडळींनी १९७०च्या अखेरीपासून प्रश्न उलटा करून पाहिला. हॉस्पिटलात नर्स शेजारी बसून, प्रेमानं पण न हटता, मुलीला जेवू घालते आणि वजन वाढतं. घरी गेलं की ते पुन्हा घसरतं. मग नर्स जे करते ते आईबापांना का जमू नये? १९८७ मध्ये त्यांनी हॉस्पिटलातून सुटलेल्या ८० रुग्णांचा अभ्यास छापला. ज्यांचा आजार १९ वर्षांच्या आत सुरू झाला होता आणि तीन वर्षांहून जुना नव्हता, त्यांना एकट्यानं घेतलेल्या समुपदेशनापेक्षा कुटुंबासोबतच्या उपचाराचा फायदा स्पष्ट दिसला. मोठ्या वयात सुरू झालेल्या आजारात तसा दिसला नाही. पाच वर्षांनी पुन्हा पाहिलं, तरी लहान वयाच्या गटातला फरक टिकून होता. जेम्स लॉक आणि डॅनिएल ल ग्रांज यांनी पुढे याचं रीतसर हस्तपुस्तक लिहिलं. आज ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वंही अ‍ॅनोरेक्सिया असलेल्या मुलांसाठी आधी कुटुंबासोबतचाच उपचार सुचवतात.

नेमकं करतात काय?

साधारण वीस भेटी, सहा महिने ते वर्षभर. पहिल्या भेटीला घरात राहणारे सगळे येतात, भावंडंसुद्धा. थेरपिस्ट मुलीचं वजन घेतो आणि घरच्यांना न घाबरवता पण स्पष्ट सांगतो की यात जीव जाऊ शकतो. हे कसं झालं, कुणामुळे झालं, या चौकशीत वेळ घालवत नाहीत. आजार आणि मुलगी वेगळे ठेवायचे, हा पहिला धडा. ताट ढकलणारी, खोटं बोलणारी, ओरडणारी ती तुमची मुलगी नव्हे, तो आजार आहे. भांडायचं तर त्याच्याशी.

दुसऱ्या भेटीला घरचं जेवण घेऊन यायला सांगतात आणि सगळे तिथेच जेवायला बसतात. मुलीनं ठरवलेल्या घासापेक्षा निदान एक घास जास्त जावा, आणि तो आईवडिलांच्या प्रयत्नानं जावा, एवढंच त्या दिवसाचं काम. ऐकायला किरकोळ वाटतं. पण महिनोन्महिने हरलेल्या आईबापांना तो घास काय असतो, ते त्यांनाच माहीत.

यानंतरचे काही आठवडे, कधी महिने, काय खायचं, किती आणि केव्हा हे मुलगी ठरवत नाही. आईवडील ठरवतात. तीन जेवणं, दोन-तीन वेळा मधलं खाणं, प्रत्येक वेळी कुणीतरी मोठं माणूस शेजारी. जेवणानंतर थोडा वेळ सोबत, म्हणजे उलटी काढायला जागा राहत नाही. शाळेचा डबा सुटत असेल तर काही दिवस शाळाही बाजूला. भावंडांनी पहारा करायचा नाही. त्यांचं काम गप्पा मारायचं, पत्ते खेळायचं. वजन बरंचसं परत आलं आणि जेवणाची लढाई मिटली की दुसरा टप्पा: ताबा हळूहळू मुलीकडे. आधी संध्याकाळचं खाणं तिचं तिनं वाढून घ्यायचं, मग डबा, मग सगळंच. तिसऱ्या टप्प्यात वयात येण्याचे नेहमीचे प्रश्न: मैत्री, अभ्यास, स्वतःचा निर्णय.

"पण मनातलं आधी बोलायला नको का? नुसतं खाऊ घालून काय होणार?" ही शंका हमखास येते. तिचं उत्तर एका जुन्या प्रयोगात आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीनं, २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन सुमारे पाव भागानं घटलं. हे तरुण दिवसभर खाण्याचाच विचार करू लागले, पाककृतींची पुस्तकं वाचू लागले, एकेक घास बराच वेळ चघळू लागले, चिडचिडे आणि उदास झाले, माणसं टाळू लागले. यांच्यापैकी कुणालाच आधी खाण्याचा विकार नव्हता. उपासमारीनंच मन तसं केलं होतं. म्हणून उपाशी मेंदूशी वाद घालून उपयोग होत नाही. आधी त्याला अन्न मिळालं पाहिजे. मनाचं बोलणं त्यानंतर, किंवा त्यासोबत.

आग्रह आपल्याला येतोच की!

इथे मराठी घराला वाटेल की हे तर आपण रोज करतो. "खा गं बाई, माझ्यासाठी एक घास." "नाही खाल्लंस तर बाबांना सांगेन." "एवढं संपव, मोबाइल देते." "शेजारची बघ कशी जेवते."

हा आग्रह आणि एफबीटी यांत मोठं अंतर आहे. आग्रहात शेवटचा शब्द मुलीचा असतो आणि ती, खरं तर तिचा आजार, दर वेळी सौदा जिंकतो. शिवाय आग्रह कंटाळला की टोमणा होतो. टोमणा तर इथे थेट नुकसान करतो: ज्या घरात मुलीवर सतत टीका होते, तिथे सगळ्यांना एकत्र बसवून केलेला उपचार कमी चालतो, असं मॉड्स्लीच्याच पुढच्या अभ्यासांत दिसलं. अशा घरांत आईवडिलांना वेगळं आणि मुलीला वेगळं भेटतात. मेलबर्नमध्ये २०१६ साली छापलेल्या चाचणीत थेरपिस्टनं फक्त आईवडिलांसोबत काम केलं आणि मुलीला नर्स भेटत राहिली. उपचार संपताना या गटातली ४३ टक्के मुलं पूर्ण बरी होती, सगळ्यांना एकत्र बसवलेल्या गटात २२ टक्के. पुढच्या वर्षभरात हा फरक पुसट झाला, पण सुरुवातीला टोमणे थांबणं किती कामाचं, हे त्यातून कळतं.

एफबीटीत आईवडिलांचं बोलणं कमी आणि एकसारखं असतं. "मला माहीत आहे हे अवघड आहे. भाकरी ताटात आहे. मी इथेच बसले आहे." बाप एक आणि आई दुसरं म्हणत असेल तर आजार त्या फटीतून निसटतो. एकत्र कुटुंबात तर फटी जास्त. आजीला नातीचं रडणं बघवत नाही, ती हळूच ताट उचलते. काका म्हणतात, "जबरदस्ती कशाला?" आणि उपासाचा मुद्दा निघाला की सगळेच गप्प होतात. इथे घरातल्या वडीलधाऱ्यांचा शब्द उपयोगी पडू शकतो. आजारी माणसाला आणि लहान मुलाला उपास नाही, हे आपल्याकडे जुनी माणसंच सांगत आली आहेत. थेरपिस्टनं सांगण्यापेक्षा आजीनं "गणपतीला मी सांगते, तू जेव" म्हणणं जास्त लागू पडेल. हे माझं मत. यावर चाचणी झालेली नाही.

दुसऱ्या बाजूनं, या उपचाराला जे लागतं ते इथल्या घरांत आहेही. लंडनच्या आईला नोकरीतून रजा काढून घरी बसावं लागतं. इथे आई कांदा काढायला किंवा टोमॅटो तोडायला गेली तरी दुपारी शेजारी बसणारी आजी किंवा काकू असते. वजन वाढवायला महागड्या पावडरी लागत नाहीत. तूप, शेंगदाण्याचा लाडू, सायीचं दूध, मासवडी हे सगळं घरातलंच.

अर्ध्या बऱ्या होतात, मग उरलेल्या?

आकडे भाबडेपणानं वाचू नयेत. एफबीटीची बहुतेकदा सांगितली जाणारी चाचणी २०१० ची, स्टॅनफर्ड आणि शिकागो विद्यापीठांतली, १२ ते १८ वयाच्या १२१ मुलामुलींवरची. उपचार संपून वर्ष झाल्यावर एफबीटीच्या गटातली ४९ टक्के मुलं पूर्ण बरी होती, एकट्याच्या थेरपीच्या गटात २३ टक्के. 'पूर्ण बरी'ची व्याख्या कडक होती, वजन आणि विचार दोन्ही ताळ्यावर. तरी अर्ध्याहून जास्त त्यात बसली नाहीत, हेही तितकंच खरं. काही रुग्ण मोठेपणी सांगतात की घरानं वजनाकडे पाहिलं, आतल्या त्रासाकडे नाही. ज्या घरात मारहाण किंवा लैंगिक अत्याचार आहे, तिथे मुलीच्या ताटाचा ताबा त्याच घराच्या हाती देणं हा उपचार होऊच शकत नाही.

जुन्नर-आंबेगावात हे होईल कसं?

जुन्नरहून पुणे सुमारे ९५ किलोमीटर. वीस भेटी म्हणजे ३,८०० किलोमीटरचा प्रवास, वीस दिवसांचा खाडा, आणि दर वेळी किमान तीन माणसं. द्राक्षाच्या किंवा कांद्याच्या हंगामात हे कुणाला परवडेल? बिबट्यामुळे उसाच्या पट्ट्यात लोक अंधार पडायच्या आत घर गाठतात, तिथे पुण्याहून संध्याकाळची एसटी पकडणं हाही वेगळाच हिशेब.

म्हणून कोविडनंतर रुळलेल्या व्हिडिओवरच्या भेटी इथे जास्त महत्त्वाच्या. एफबीटीत जेवण घरातच व्हायचं असतं, त्यामुळे थेरपिस्ट पडद्यावर असला तरी बरंचसं काम होतं. वजनकाटा आणि रक्ततपासणी मात्र जवळच हवी. ते नारायणगावच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात होऊ शकतं. कमी आहे ती हे शिकलेल्या माणसांची. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातल्या समुपदेशकांना एफबीटीचं प्रशिक्षण देणं हा नवी इमारत बांधण्यापेक्षा कितीतरी स्वस्त मार्ग आहे. ही मागणी करायला खरं तर कुणी आमदार लागत नाही, पण लागला तरी हरकत नाही.

आजार लवकर ओळखायचं एक साधन मात्र आधीपासून आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून झाली. त्याची पथकं शाळांमध्ये मुलांची उंची-वजन घेतात. भारतीय मुलांसाठीचे ५ ते १८ वयाचे वाढीचे तक्ते बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१५ मध्ये सुधारले, त्या कामात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर पुढे होते. घोटाळा असा, की कमी वजन दिसलं की यंत्रणा कुपोषण समजते. ते साहजिक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २०.८ टक्के स्त्रिया प्रमाणापेक्षा बारीक निघाल्या. आंबेगावच्या आदिवासी पट्ट्यात बारीक मुलगी दिसली तर आधी घरात अन्न आहे का, हेच विचारायला हवं. पण कायम खालच्या रेषेवर असलेली मुलगी आणि वरच्या रेषेवरून घसरत आलेली मुलगी यांत फरक आहे. तो एका वर्षाच्या वजनात दिसत नाही, तीन वर्षांची वजनं शेजारी ठेवली की दिसतो. बरं होण्यासाठी किती वजन हवं, हेही त्याच जुन्या रेषेवरून ठरतं. त्यामुळे शाळेचं आरोग्य कार्ड फेकू नका.

हे वाचून उद्यापासून घरीच ताट भरायला सुरुवात करण्याआधी एक थांबा आहे. फार दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम भरपूर अन्न गेलं तर रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियमसारखे क्षार झपकन घसरतात आणि हृदयावर बेतू शकतं. मुलीला चक्कर येऊन ती पडत असेल, दिवसा जागेपणी नाडी मिनिटाला ५० च्या खाली असेल, वजन वयाच्या मानानं फारच कमी झालं असेल, ती पाणीही नाकारत असेल किंवा जीव देण्याचं बोलत असेल, तर आधी हॉस्पिटल, घरचं जेवण नंतर. खर्चाच्या बाबतीत २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो की विमा कंपनीनं मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं आहे. पॉलिसी असेल तर हे कलम दाखवून मागा.

कुणाशी बोलायचं हेच कळत नसेल तर केंद्र सरकारची 'टेलिमानस' सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६, फोन मोफत, मराठीत बोलता येतं. फोन करताना "पोरगी जेवत नाही" एवढंच सांगू नका. आधी वजन किती होतं, आता किती आहे, किती महिन्यांत उतरलं, पाळी कधीपासून बंद आहे, उलट्या काढते का, चक्कर येते का, हे कागदावर लिहून घ्या आणि वाचून दाखवा.